एकाच जाळ्यातून वेगवेगळा माल जात असेल तर त्याची विश्वासार्हता कशी काढायची?

प्रत्येक मालाची विश्वासार्हता, म्हणजे रस्त्यांच्या जाळ्यातून तो सगळा वेळेत पोचण्याची शक्यता, वेगळी काढून गुणाकार केला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डासाठी भाजीपाल्याच्या गाड्या लावतो. सुरुवातीला मीही असाच हिशेब करायचो.

समजा, नारायणगावकडून रात्रीत ९ गाड्या टोमॅटो आणि ९ गाड्या कांदा आणायचाय. रस्ते दोन: एक चाकणवरून, दुसरा पाबळ-शिक्रापूर-वाघोलीवरून. प्रत्येकावरून १० गाड्या वेळेत येण्याची शक्यता ०.९ धरा, कोंडी झाली तर ५च येतात, त्याची ०.१. नुसता टोमॅटो बघितला तर दोन्हीकडे कोंडी असली तरी १० गाड्या येतात, म्हणजे १०० टक्के. कांद्याचंही तेच, आणि गुणाकारही १०० टक्केच. पण दोन्ही मिळून गाड्या १८ होतात. एक रस्ता जरी तुंबला तरी १५च येणार. म्हणजे दोन्ही मोकळे हवेत: ०.९ × ०.९, फक्त ८१ टक्के! माल वेगळा असला तरी रस्ता एकच वाटून घ्यावा लागतो, खरी मेख तिथे आहे.

यात मी दोन्ही रस्त्यांची कोंडी एकमेकींवर अवलंबून नाही असं धरलंय. पाऊस दोन्हीकडे एकदमच झोडपतो, तेव्हा हे गृहीतक आधी तपासा.

जाळं मोठं झालं की सगळ्या स्थिती मोजणं हाताबाहेर जातं. २० रस्ते आणि प्रत्येकाच्या दोनच स्थिती धरल्या तरी १०,४८,५७६ होतात. मग कुठल्या रस्त्यावरून कमीत कमी किती गाड्या आल्या तर मागणी जेमतेम भागेल, असे संच शोधून त्यावरून शक्यता काढतात, नाहीतर कुठे कोंडी होईल ते नशिबावर सोडून संगणकावर हजारो रात्री चालवून बघतात. फोर्ड-फुल्कर्सनचा १९५६चा कमाल प्रवाह-किमान छेद सिद्धांत एकाच मालासाठी आहे. छेद म्हणजे जे रस्ते बंद केले तर माल पोचूच शकत नाही असा गट; सर्वांत कमी क्षमतेच्या छेदातून जितका जाईल तितकाच माल जास्तीत जास्त जातो, असं तो सांगतो. अनेक माल असले की प्रत्येक छेदाची क्षमता पुरेशी दिसूनही सगळा माल बसेलच असं नाही.

आणि गाडी हे एकच माप धरू नका. कांद्याची गाडी वजनाने भरते, मेथीची जागेने. एकदा चाकणला टेम्पो चार तास अडकला. ओल्या गोणपाटाखालच्या जुड्या आतून गरम झाल्या होत्या, खालचा थर पिवळा पडला होता. मागच्याच गाडीतल्या कांद्याला काही झालं नव्हतं. तेव्हापासून मेथीसाठी पहाटे चारपर्यंत पोचण्याची शक्यता काढतो, कांद्यासाठी दुपारपर्यंतची.