घर घेताना मनाचं ऐकावं की डोक्याचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात दोन घरं पाहून ठेवली आहेत. महाबळ भागातला फ्लॅट 36 लाखांचा, सगळ्या हिशोबात बसणारा. आणि पिंप्राळ्याकडचं रो-हाऊस 40 लाखांचं, जिथे पाय ठेवल्याबरोबर वहिनी "हेच" म्हणाल्या. तुमचं डोकं फ्लॅटकडे, घरच्यांचं मन रो-हाऊसकडे. ऐकायचं कुणाचं?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. त्यामुळे "भाऊ, डोक्याने घ्या" असंच मी म्हणेन, असं तुम्हाला वाटत असेल. पण रोज घरं बघून माझं मत असं झालंय की लोक डोकं नको तिथे चालवतात आणि मन नको तिथे लावतात. चौरस फुटामागे पन्नास रुपये कमी करायला महिनाभर घासाघीस करणारा माणूस, विकणाऱ्याच्या बहिणींनी हक्कसोड करून दिली का, हे विचारतच नाही. आणि मन बसतं कशावर? पीओपीच्या छतावर, टीव्हीमागच्या पॅनेलवर, चकचकीत किचन ट्रॉलीवर. हे सगळं पैसे टाकले की कुठल्याही घरात होतं. एजंट मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही येणार म्हटल्यावर अर्धा तास आधी एसी लावून ठेवतात.

म्हणून आधी वहिनींना शांतपणे विचारा, नेमकं काय आवडलं? "छान वाटलं" यावर थांबू नका, खोदून विचारा.

भुसावळच्या एका जोडप्याचं सांगतो. नवऱ्याने वहीत दोन घरांचे रकाने आखले होते: दर, क्षेत्रफळ, स्टेशनपासूनचं अंतर, पार्किंग. बायको मात्र वहीत मागे पडलेल्या घरावर अडून बसलेली. कारण विचारलं तर तिला आधी सांगताच येईना. मग म्हणाली, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने एका पायरीत ओट्यावर जाता येतं, सासूबाई तिथे बसून भाजी निवडतील. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पहिल्या मजल्यावरच्या घरात त्या वर चढल्या की चढल्या, खाली येणं नाहीच. नवऱ्याच्या वहीत आईच्या गुडघ्यांचा रकानाच नव्हता. आता यात मन कुठलं आणि डोकं कुठलं, सांगा!

वहिनींचं उत्तर "रंग", "टाइल्स", "तो झुंबर" असं आलं तर त्याला भाव देऊ नका, फ्लॅटमध्येही झुंबर टांगता येईल. पण उत्तर "वारा येतो", "गच्चीवर कुरडया-बिबडे वाळत घालता येतील", "कानबाईच्या सणाला भाऊबंद जमले तर नैवेद्याचे रोट करायला, बसायला जागा आहे" असं आलं, तर ते नंतर पैसे देऊनही मिळत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तीन पिढ्या कोंबून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. फ्लॅटची गच्ची सोसायटीची असते आणि तिथे कुरडया घालण्यावरून होणारी भांडणं मी स्वतः ऐकली आहेत.

आता डोक्याचं काम. खान्देशात ते उन्हापासून सुरू होतं. दोन्ही घरं तुम्ही डिसेंबरात, रविवारी सकाळी पाहिली असतील तर ती पाहिलीच नाहीत असं समजा. जळगाव जवळपास 21 अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी इथे बरोबर डोक्यावर येतो आणि सगळा मार स्लॅबवर बसतो. शिवाय उन्हाळ्यात तो मावळतो वायव्येकडे, म्हणजे पश्चिमेची आणि थोडी उत्तरेचीही भिंत तापते. पारा 45 च्या वर गेला असेल अशा दिवशी चार वाजता जा. पश्चिमेच्या खोलीत भिंतीला आतून तळहात लावून पाहा, मग वॉश बेसिनचा नळ सोडा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं की नाही ते कळेल. कूलर बसवायला खिडकी आहे का, आणि समोरून हवा बाहेर पडायला दुसरी आहे का, तेही पाहा. कोंडलेल्या खोलीत कूलर म्हणजे नुसता दमटपणा. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असेल तर 36 लाखांत गच्चीवरच्या उष्णतारोधक कामाचा आणि विजेच्या बिलाचा खर्च मिळवा, मग तुलना करा. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती उगाच नव्हत्या.

रो-हाऊसची दुसरी परीक्षा जमिनीची. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला, केळीला सोनं, पण पायाला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर, जोत्यापासून सुटलेली बाहेरची फरशी, पावसाळ्यात अडकणारा दरवाजा, या तीन खुणा शोधा. ताज्या रंगाखाली चीर लपते, म्हणून कंपाऊंडची भिंत बघा, तिला कुणी रंग देत बसत नाही. पाया किती खोल नेला, काळी माती काढून मुरूम भरला का, हे बिल्डरला विचारा. जमलं तर त्याच्या मिस्त्रीला चहा पाजून विचारा, तो खरं सांगेल.

पाण्याचं फार लांबवत नाही. शहराला वाघूर धरणातून पाणी येतं, आणि रोज नळ येणारी कॉलनी सापडली तर मलाही कळवा. शेजारणीला विचारा, कितव्या दिवशी येतं, किती वाजता, आणि जमिनीखालची टाकी पुरते का.

कागदांच्या बाबतीत मात्र मनाला दाराबाहेर उभं करा. जागा बिनशेती झालेली आहे का, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर विकणाऱ्याचंच नाव आहे का, मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय का, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला दिलेली परवानगी, आहे का, हे पाहा. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. वडिलोपार्जित जमीन असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. सगळ्या बहिणींच्या सह्या झाल्या असतील तरच पुढे जा, "त्या कुठं काय म्हणता" या तोंडी खात्रीवर नको. नोटरी करून मिळणाऱ्या घराकडे तर फिरकूच नका. 100 रुपये आणि त्यावरची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं, हा कायदा 1882 पासूनचा आहे. आणखी एक: आठ घरांपर्यंतच्या किंवा 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या प्रकल्पाला महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी सक्तीची नाही. छोट्या रो-हाऊस स्कीम बऱ्याचदा यातच बसतात, म्हणजे तिथे तुमचं रक्षण तुमचा वकीलच करणार. आणि बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं ठीक, असं कृपया समजू नका. आम्ही बँकेचा पैसा सुरक्षित आहे का ते बघतो, तुमच्या सुखाचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.

पैशाचं गणित तुम्ही फ्लॅटच्या बाजूने मांडलंय, ते मला अर्धवट वाटतं. चार लाखांचा फरक 20 वर्षांच्या कर्जात, साडेआठ टक्के व्याज धरलं तर, महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास जातो. त्यातून फ्लॅटचा मेंटेनन्स वजा करा. शिवाय मूल्यांकनात आम्ही आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरतो, म्हणजे दरवर्षी बांधकामाची किंमत उतरते. जमिनीची तशी उतरत नाही. रो-हाऊसखालची जमीन तुमची, फ्लॅटमध्ये वाट्याला येतो तो सगळ्यांतला एक हिस्सा. म्हणजे कागद साफ असतील तर वहिनींचं मन तुमच्या डोक्यापेक्षा जास्त हिशोबी निघालंय.

फक्त हातातली रोकड मोजून घ्या. 30 लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 40 लाखांवर 32 लाख. उरलेले आठ तुमचे. वर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. हे कर्जात धरलं जात नाही. खरेदी एकट्या वहिनींच्या नावावर केली तर शुल्कात 1 टक्का सूट मिळते, 40 हजार वाचतात. तरी 10 लाख 30 हजारांच्या आसपास जवळ हवेत. त्यासाठी सोनं मोडावं लागणार असेल किंवा भावाकडून उसने घ्यावे लागणार असतील, तर मात्र मी फ्लॅटच म्हणेन, वहिनी रागावल्या तरी.

रो-हाऊसच्या स्कीममध्ये एकूण घरं किती आहेत आणि जमीन बिल्डरने कुणाकडून घेतली, एवढं खाली लिहा. त्यावरून वकिलाला कोणते कागद मागायला सांगायचे ते सांगतो.