वाचकांचे प्रश्न : तबकडीतल्या बाईचा आवाज

प्रश्न : आजोबा अजनीला रेल्वेत होते. त्यांच्या साहेबाने विलायतेला परत जाताना दिलेल्या इंग्रजी गाण्यांच्या अकरा तबकड्या माळ्यावर सापडल्या. एकीवर ‘द लॉस्ट कॉर्ड’ एवढंच वाचता येतं. बाहेरून डिजिटल करून आणली, तर खरखर गेली, पण बाईचा आवाजही बसला. टाकीत तोंड घालून गातेय असं वाटतं. आता काय करावं?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तबकडी फुटलेली नाही ना? मग काहीच हातचं गेलेलं नाही. पुन्हा उतरवून घ्या.

इंग्रज संगीतकार ऑर्थर सलिव्हनने हे गाणं १८७७ मध्ये, भाऊ अखेरच्या आजारात असताना, बांधलं. एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज उतरवून पुन्हा ऐकवणारं यंत्र, तेही त्याच वर्षीचं. १८८८ मध्ये लंडनमध्ये पत्रकारांना ते यंत्र दाखवलं, तेव्हा मेणाच्या नळकांडीवरून ऐकवलं ते हेच गाणं, कॉर्नेट आणि पियानोवर वाजवलेलं. तुमची तबकडी नंतरची आहे. पण ती १९२५ च्या आधीची असेल, तर ती बाई माइकपुढे नाही, पत्र्याच्या कर्ण्यात गायली आहे. कर्ण्याने वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी मुळातच थोडे पकडले. ‘स’, ‘श’, श्वास हे सगळं त्या खरखरीतच मिसळलेलं असतं. खरखर पूर्ण पुसली की तेही पुसलं जातं. म्हणून सुटी टकटक काढा. ती क्षणभराची असते, आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढता येते. सलग खरखर मात्र थोडी राहू द्या. मी तरी राहू देते.

त्याआधी सुई. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीची, सुई इथे चालत नाही, जवळपास तिप्पट जाड लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी मळात घासत जाते. एलपीसाठी प्रीअँपमध्ये (सुईचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात) असलेली इक्वलायझेशनची, म्हणजे खर्ज वाढवून वरचे ध्वनी कमी करण्याची, सोयही कर्ण्याच्या काळातल्या तबकडीला नको. पहिली प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

सगळ्यात जास्त चुकतो तो वेग. ‘७८ ची तबकडी’, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, म्हणतो खरं, पण त्या काळात ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत काहीही चालायचं. ७४ ची तबकडी ७८ वर लावलीत तर काळी एकमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी दोनला जाते, आणि आवाजातला कंप बकरीसारखा होतो. १८६० ची फ्रेंच ध्वनिरेषा, म्हणजे गाण्याच्या आवाजाने कागदावर उमटलेली रेघ, २००८ मध्ये पहिल्यांदा ऐकवली, तेव्हा जाणकारांनाही मुलगी गातेय असं वाटलं. वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारा पुरुष होता. घरात पेटी असेल तर तबकडीतल्या साथीच्या पियानोचा स्वर तिच्यावर जुळवून बघा, पण शेवटी कौल घ्या तो कंपाचा.

धुताना डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य लिक्विड सोप, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. स्पिरिट अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या, आपल्याकडे पळसावर येते त्याच लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुरुवातीला माझ्या हातून एक अशीच गेली. कापूस काळा होत होता आणि मी मळ निघतोय म्हणून आणखी पुसत होते. तो मळ नव्हता.

माळ्यावरून त्या आजच खाली आणा. मे महिन्यात पत्र्याखाली लाख वाकते. उभ्या ठेवा, कूलरच्या खोलीत नको. त्या ओलीने बुरशी धरते.

एक कळवा. मागची बाजू कोरी आहे का? कोरी असेल तर तबकडी बरीच जुनी असण्याची शक्यता आहे. आणि लेबलभोवतीच्या काळ्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले आकडे तिरप्या उजेडात, भिंगाने वाचून पाठवा. त्या आकड्यांवरून बाईचं नाव सापडू शकतं.