राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एकीला

सप्रेम आशीर्वाद.

दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत जातात, तरी महिनाअखेरीस हाताला काही लागत नाही आणि आता अभ्यासावरचं मनच उडालंय, असं तू लिहिलंस. मन आधी उडालं आणि मग काम थांबलं, असं सहसा होत नाही. आधी केलेलं काम दिसेनासं होतं, मन त्याच्या मागून जातं.

त्या बारा तासांत काय काय असतं ते बघ. टेलिग्रामवरच्या पीडीएफ उतरवून घेणं, टॉपरची मुलाखत, नवं पुस्तक आणून त्याला कव्हर घालणं, तीन रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखणं. पुण्यात अभ्यासिकांच्या सदाशिव पेठेत या सगळ्याला अभ्यासच म्हणतात, म्हणून चोर सापडत नाही. रील बघताना निदान चुटपुट तरी लागते.

म्हणून पहिला आठवडा काहीच बदलू नकोस, फक्त मोज. साध्या वहीत चार रकाने आख: सलग बैठका, लिहिलेली उत्तरं, सोडवलेले प्रश्न, उजळणीची पानं. तासांचा रकाना ठेवायचा नाही, कारण खुर्ची अडवून बसलं तरी तास भरतात. बैठक म्हणजे ५० मिनिटं; मध्ये फोन नाही, उठणं नाही. नंतर १० मिनिटं पाय मोकळे करायचे. पहिल्या आठवड्यात रोज चार खऱ्या बैठका झाल्या तरी पुष्कळ. मग दर आठवड्याला एक वाढव आणि आठवर थांब. आठ बैठका म्हणजे ६ तास ४० मिनिटं. चौदा तासांच्या गप्पा ऐकलेल्या कानांना हे कमी वाटेल, वाटू दे.

बैठक मोडते ती बहुधा पहिल्या दहा मिनिटांत. सकाळी खुर्चीत बसून "आज काय घ्यावं" हा विचार सुरू झाला की हात फोनकडे जातो. त्यावर उपाय आदल्या रात्रीचा आहे. टेबलावरून उठण्यापूर्वी चिठ्ठीवर उद्याचा पहिला प्रश्न लिहून ती पुस्तकात ठेव. "राज्यशास्त्र वाचणे" असं लिहिलंस तर चिठ्ठीचा उपयोग नाही. "राज्यपाल विधेयक राखून ठेवतात तेव्हा पुढे काय होतं, पाच मुद्दे, न बघता" असं लिही. सकाळी आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडायचं. आधी पुस्तक उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, हायलायटर फिरतो, पान पिवळं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोन मुद्देही सांगता येत नाहीत. तीच चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा काढ.

आता फोन. ॲप काढून टाकणं चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी ते परत येतं. फोनमध्ये तीन-चार कामं एकत्र अडकलेली असतात, ती सोडवल्याशिवाय तो दूर राहत नाही. वेळ बघायला मनगटी घड्याळ घे, नाहीतर "किती वाजले" बघायला उचललेला फोन वीस मिनिटांनी खाली येतो. शब्दार्थाला छोटा छापील कोश ठेव. चालू घडामोडींना एक वर्तमानपत्र आणि एक मासिक, बस. टेलिग्रामचे सगळे ग्रुप म्यूट कर. लागतील त्या पीडीएफ रविवारी एकदाच बघ. घरच्यांना रात्री नऊची वेळ सांगून टाक, म्हणजे दिवसभर "फोन का उचलत नाहीस" हे होणार नाही. एवढं झाल्यावरच फोन लॉकरमध्ये ठेव. टेबलावर उलटा ठेवलेला फोन हातात असल्यातच जमा आहे.

अभ्यासाच्या मध्येच आठवणाऱ्या गोष्टींसाठी वहीच्या शेवटच्या पानावर "नंतर" असं लिहून ठेव. रिचार्ज संपतोय, बँकेचं केवायसी, मेसचे पैसे, मैत्रिणीच्या साखरपुड्याची तारीख: आठवलं की तिथे एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. दुपारी दीडला जेवणानंतर ते पान निपटायचं. निम्म्या ओळी तोवर बिनमहत्त्वाच्या झालेल्या असतात.

सीसॅटचं, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरचं, वेगळं सांगतो, कारण फोनच्या सवयीचा पहिला फटका तिथेच बसतो. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. ८० प्रश्न आहेत, प्रत्येकी अडीच गुणांचे, आणि चुकीला त्या गुणांचा एक चतुर्थांश वजा. ४० प्रश्न सोडवून ३० बरोबर व १० चूक आले तरी ६८.७५ होतात. म्हणजे अर्धा पेपर नीट सोडवला तरी निभावतं. पण उताऱ्यात चौथ्या ओळीला नजर सुटते, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं आणि वेळ तिथे संपतो. रोज दोन उतारे, घड्याळ लावून, बाकी काही नसलं तरी.

मुख्य परीक्षा २०२५पासून यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाल्यामुळे लिहिण्याला पर्याय उरलेला नाही. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत २० प्रश्न असतात: दहा १०-गुणी, १५० शब्दांचे आणि दहा १५-गुणी, २५० शब्दांचे. सात आणि अकरा मिनिटं अशी वाटणी केली की १८० मिनिटं पुरी होतात. सरावाला हेच माप धर. "आधी सगळा अभ्यासक्रम संपवते, मग लिहायला घेते" म्हणणाऱ्यांचा अभ्यासक्रम काही संपत नाही. पहिली पंधरा-वीस उत्तरं वाईटच येणार. वाईट लिहायची भीती वाटते म्हणूनच टॉपरच्या मुलाखती गोड लागतात. मुलाखती सोड, त्यांच्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर तेवढ्या बघ.

चहाला जा, जरूर जा, पण आपल्या घड्याळाने जा आणि उभ्याने पी. कट्ट्यावर बसलं की पंधरा मिनिटांचा पाऊण तास होतो आणि विषय एकच: जाहिरात कधी, कट-ऑफ किती, तारीख पुढे जाणार का. तारखा पुढे जातातच. १४ मार्च २०२१ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, मग ती २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ची १ डिसेंबरला झाली. त्यामुळे तारखेवर बेत आखू नकोस, आठवड्यांवर आख. आयोगाचं संकेतस्थळ सोमवारी एकदा बघायचं. परीक्षा पुढे गेली तर दोन दिवस सुट्टी घे आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या बैठकांना बस. "आता वेळ आहे" म्हणून नवी पुस्तकं आणू नकोस.

ताप आला, पोटात दुखतंय, घरी लग्न आहे, अशा दिवसांसाठी किमान काम आधीच ठरवून ठेव: एक उत्तर आणि दोन उतारे, तासाभरात उरकणारं. एक दिवस पूर्ण बुडाला तरी काही बिघडत नाही. सलग दुसरा बुडाला की तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसायची लाज वाटू लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी किमान तरी करच.

आणखी एक, थोडं कडू. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. त्यामुळे थांबायचं कधी, हे कुणी दुसरं सांगत नाही. तू किती परीक्षा देणार आणि त्यानंतर काय करणार, हे आत्ता, निकालाच्या आधी, आईवडिलांसमोर कागदावर लिही. मागे वाट आहे हे माहीत असलं की पुढचा अभ्यास मोकळेपणाने होतो.

रविवारी संध्याकाळपर्यंत मला पाच उत्तरं पाठव. पुन्हा सुवाच्य उतरवून काढलेली नकोत. घड्याळ लावून लिहिलेली, अर्धी राहिली असतील तर अर्धीच, आणि प्रत्येकाखाली किती मिनिटं लागली ते.

कळावे.