खरं लिहिलं म्हणून खटला : रशियात शिकणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न : माझा मुलगा रशियात मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याने तिथल्या व्हीकॉन्टाक्टे या सोशल मीडियावर युक्रेनमधल्या पडक्या इमारतींचा एक व्हिडिओ शेअर केला आणि वर लिहिलं, 'ही मोहीम नाही, हे युद्ध आहे.' वर्गातल्याच कुणीतरी तक्रार केली. पोलिसांनी बोलावून रशियन भाषेतल्या कागदांवर सही घेतली. पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख आहे. कॉलेजवाले म्हणतात, लेखी खुलासा दे आणि कॅमेऱ्यासमोर माफी माग, मग मिटेल. त्याला सरळ परत बोलावू का? आपलं सरकार काही करू शकतं का? आणि त्याचं खरंच चुकलं का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं, कारण तारीख जवळ आहे. मी भारतात वकिली करते, रशियन कोर्टात मला उभं राहता येत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तिथला, त्याच शहरातला वकील. उद्यापर्यंत.

तुमच्या मुलावर बहुधा रशियाच्या प्रशासकीय गुन्ह्यांच्या संहितेतलं कलम २०.३.३ लावलं असेल, म्हणजे सैन्याची बदनामी. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर आक्रमण झाल्यावर दहा दिवसांच्या आत, हे कलम आणि त्याची फौजदारी भावंडं घाईघाईने आणली गेली. पहिल्या वेळी सामान्य माणसाला ३० ते ५० हजार रूबल दंड होतो, तुरुंगवास नाही. एवढं वाचून थोडा श्वास घ्या. पण कागदावर खरोखर कोणतं कलम आहे ते आधी बघा, कारण फौजदारी संहितेचं कलम २०७.३, 'सैन्याबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती', असेल तर सगळं गणितच बदलतं. तिथे शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाते.

आता ज्या गोष्टीवर आपल्याकडची माणसं हमखास फसतात ती. तुमचा मुलगा कोर्टात म्हणेल, 'व्हिडिओ खरा आहे.' कृपा करून त्याला या भरवशावर राहू देऊ नका. या कायद्यांखाली खरं-खोटं प्रत्यक्ष घटनेवरून ठरत नाही, सरकारी निवेदनावरून ठरतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला, आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, रोसकोमनाद्झोर या नियामक संस्थेने माध्यमांना सांगितलं की माहिती फक्त सरकारी स्रोतांतूनच घ्यायची. दोनच दिवसांनी 'हल्ला', 'आक्रमण', 'युद्ध' म्हणणारा मजकूर काढून टाकण्याची सूचना गेली. त्यानंतर कोर्टांनी संरक्षण मंत्रालयाच्या म्हणण्याशी न जुळणारं ते खोटं, असाच अर्थ लावला. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांनी सभेत एवढंच म्हटलं होतं की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण मुलांची चित्रकला स्पर्धा कशी घ्यायची? जुलै २०२२ मध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. साशा स्कोचिलेंको या चित्रकर्तीने सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्यांच्या जागी युद्धाबद्दलच्या चिठ्ठ्या लावल्या. तिलाही ७ वर्षं. ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली, कोर्टाच्या निकालाने नाही. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे 'युद्ध' हा शब्द वापरला. एका नगरसेवकाने त्यांच्याविरुद्धही चौकशीची मागणी केली होती. पुढे काही झालं नाही, पण तुमच्या मुलाने हा दाखला दिला तर त्याला तशी सूट मिळणार नाही.

आपल्या मनात कोर्टाचं वेगळं चित्र असतं, आणि त्याला कारणही आहे. आणीबाणीत 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा त्याचे संपादक मिनू मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये जिंकले. आणीबाणी चालू असताना! रशियाच्या संविधानातही कलम २९ सेन्सॉरशिपला स्पष्ट बंदी घालतं. पण बदनामीच्या या कलमाविरुद्धच्या तक्रारी तिथल्या संविधान न्यायालयाने २०२३ मध्ये विचारातच घेतल्या नाहीत. म्हणून लढायचं ते पोलिसांनी पाळायच्या कार्यपद्धतीवर.

त्या आघाडीवर तुमच्याकडे बरंच काही आहे. त्याने सही केली तेव्हा दुभाषा होता का? मातृभाषेत बोलण्याचा आणि दुभाषा मिळण्याचा हक्क त्या संहितेतच दिलेला आहे, रशियन थोडंफार येत असलं तरी. पोलिसांनी केलेल्या प्रोटोकॉलची, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीच्या कागदाची, प्रत त्याला मिळायलाच हवी. मिळाली नसेल तर वकिलाने ती कोर्टातून मिळवावी आणि दुभाषा नव्हता हे लेखी नोंदवावं. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला फक्त १० दिवस असतात. भाषांतराची वाट बघत ते घालवू नका.

माफीच्या व्हिडिओबद्दल मला कळकळीने सांगायचंय : नको. कायद्यात कुठेही अशी माफी सांगितलेली नाही. ती कॅमेऱ्यासमोर घेतली जाते ती इतरांना दाखवण्यासाठी, आणि एकदा ती दिली की 'मी सैन्याची बदनामी केली' हे त्याच्याच तोंडून नोंदलं गेलं. लेखी खुलाशाचंही तेच. कॉलेजच्या कारकुनाला दिलेला कागद पोलिसांच्या फायलीत जायला वेळ लागत नाही. रशियन संविधानाचं कलम ५१ स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करू देत नाही. त्याने नम्रपणे म्हणावं, 'माझ्या वकिलाशी बोलून सांगतो,' आणि थांबावं. यामुळे कॉलेज नाराज होईल हे मला ठाऊक आहे, व्हिसा कॉलेजच्याच हातात आहे हेही. तरी त्या व्हिडिओने खटला मिटल्याची खात्री कुणी कागदावर देणार नाही. मागून बघा.

दंड झालाच तर तो वेळेत भरा. न भरल्यास दुप्पट दंड किंवा १५ दिवसांपर्यंतची कोठडी होऊ शकते. आणि तिथून पुढचं वर्ष सगळ्यात धोक्याचं. दंडानंतर वर्षभरात पुन्हा तसंच काही घडलं तर फौजदारी संहितेचं कलम २८०.३ लागतं, ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. हे वर्ष दंड भरल्याच्या दिवसापासून मोजलं जातं असंच धरून चाला. जुन्या पोस्ट, दुसऱ्याच्या पोस्टवरचा लाइक, बंदी घातलेल्या 'मेदूझा'सारख्या माध्यमाची लिंक, यातलं काहीही उकरून काढता येतं. खात्यावर काय ठेवायचं, काय काढायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा. खटला चालू असताना स्वतःहून पुसापुसी नको. एका वर्षात सार्वजनिक सुव्यवस्थेविरुद्धचे दोन गुन्हे नोंदले गेले तर परदेशी माणसाला देशात पुन्हा प्रवेशही नाकारता येतो.

परत बोलावण्याबद्दल. आईला पहिलं हेच सुचणार. पण आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला संपूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत पूर्ण व्हावा लागतो, इंटर्नशिपही तिथेच. मधेच सोडून दुसरीकडे चौथ्या वर्षाला प्रवेश घेतला तर भारतात परवाना मिळणार नाही. त्यामुळे फक्त दंडाचं कलम असेल तर मी त्याला थांबून तारीख पुरी करायला सांगेन. २०७.३ असेल, किंवा त्याच्यावर फौजदारी चौकशी सुरू होण्याची चिन्हं वकिलाला दिसली, तर पदवीचा विचार मागे ठेवा. अभ्यासक्रम संपवायला प्रवेशापासून १० वर्षं मिळतात, काही मार्ग नंतर शोधता येईल. मात्र निघण्यावर बंधन आहे का, हे वकिलाकडून कळल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

भारतात हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टासमोर हजर करायला लावणारी, याचिका करून उपयोग नाही, तो आपल्या यंत्रणेच्या ताब्यात नाही. दूतावासाचा मात्र उपयोग आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ नुसार अटक झाल्यास त्याने मागणी करताच दूतावासाला कळवावं लागतं, आणि अधिकारी त्याला भेटू शकतात. अटकेची वाट बघू नका. आजच आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि मॉस्कोच्या दूतावासाला मेल करा. त्यात नाव, पासपोर्ट क्रमांक, कॉलेज, कोर्ट आणि तारीख द्या. व्हिडिओ किंवा युद्ध याबद्दल एक शब्दही लिहू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर पोस्टचा फोटो टाकला असेल तर काढा, आणि मुलाशी फोनवर बोलाल तेव्हा जेवण, अभ्यास, झोप एवढंच बोला.

तुमचा शेवटचा प्रश्न. नाही ताई, त्याचं चुकलं नाही. त्याने युद्धाला युद्ध म्हटलं. हे त्याला भेटाल तेव्हा समोर बसून सांगा, फोनवर नको. तोपर्यंत प्रोटोकॉलच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा, म्हणजे कलम कोणतं ते वकील ठरायच्या आत आपल्याला कळेल.