ड्रायरची सवय होईल, भिंतीच्या ओलीची का व्हावी?

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला राहतो. सासूबाईंना दांडीवर कपडे घालणं झेपत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सात किलोचा ड्रायर घेतला. कंपनीच्या माणसाने तो बंदिस्त ड्राय बाल्कनीत बसवला. हवा बाहेर सोडणारा पाइप जोडलाच नाही. आता भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत, कपडे दमट निघतात, दोन सुती कुर्ते आटले. दुकानदार म्हणतो, ‘हळूहळू सवय होईल.’ बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं आहे. दाद मागता येईल का?

उत्तर : ताई, नक्की मागता येईल. पण तुमच्या तीन तक्रारींचं वजन सारखं नाही.

कुर्त्यांचा मुद्दा सोडून द्या. सुती कपडा गरम हवेत आटतो आणि त्यावरच्या लेबलवर बहुधा तशी सूचना असते. कपडे दमट निघण्याचं कारण मात्र तपासावं लागेल. ड्रम गच्च भरला, जाळीतला कापसासारखा कचरा प्रत्येक वेळी काढला नाही, की हवा खेळत नाही. एवढ्यापुरतं दुकानदाराचं ‘सवय होईल’ खरं आहे. जाळी साफ करून, निम्माच ड्रम भरून चार-सहा वेळा वापरून बघा.

भिंतीची गोष्ट वेगळी. तुमचा ड्रायर कपड्यांतलं पाणी वाफेच्या रूपात बाहेर फेकणारा आहे. एका खेपेला काही लिटर पाणी! पाइप नसेल तर ते बंद बाल्कनीत भिंतीवरच बसणार. हे कंपनीच्या माणसाला माहीत असायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार नुकसान करणारा हलगर्जीपणा ही सेवेतली त्रुटी आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा. तुमची सगळी केस इथे उभी राहते.

एक मात्र आठवून पाहा. ‘खिडकीला भोक नको, पाइप राहू दे’ असं घरातलं कुणी तेव्हा म्हणालं होतं का? तसं असेल आणि कंपनीच्या माणसाने ते जॉब शीटवर, म्हणजे कामाची नोंद असलेल्या कागदावर, लिहून तुमची सही घेतली असेल, तर केस बरीच हलकी होते.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पण माझ्या मते तुमचं मशीन सदोष नाही, ते चुकीचं बसवलंय. म्हणून ‘पैसे परत द्या’पासून सुरुवात करू नका. पाइपसह फिटिंग मोफत करून द्या आणि भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च द्या, एवढंच मागा. मागणी जितकी नेमकी, तितकी ती नाकारणं अवघड.

हे कंपनी आणि दुकानदार दोघांनाही ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा, 15 दिवसांची मुदत द्या. सोबत बिल, जॉब शीट, माहितीपुस्तिकेतलं पाइपचं पान आणि भिंतीचे फोटो जोडा. रंगाऱ्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. हा कागद लोक हमखास विसरतात आणि मग भरपाईचा आकडा हवेत राहतो. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं मुख्यालय परराज्यात असलं तरी चालतं, कारण तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन ते पाच महिन्यांत लागेलच, अशी अपेक्षा ठेवू नका.

पाइप बाहेर काढायला भिंत फोडावी लागणार असेल, तर आधी सोसायटीच्या कमिटीला अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या. बाहेरची भिंत सगळ्यांची असते, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत गरम हवा जाऊन नवा वाद नको. कंपनीचा माणूस पुन्हा आला की ‘काम समाधानकारक’वर लगेच सही करू नका, ओल कायम असेल तर ‘ओल कायम आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि मग सही करा.