बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिवेरा सामन्यात जेमतेम एक इनिंग टाकायचा, तरी त्याला एवढा मान का?

कारण ती एक इनिंग बहुतेक वेळा शेवटची, नववी असायची, आणि तिथं त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं कुणी झालं नाही. थोडक्या आघाडीवर येऊन सामना जिंकून दिला की रिलीफ पिचरच्या, म्हणजे मध्येच बदली येणाऱ्या पिचरच्या, नावावर ‘सेव्ह’ लागतो. पनामाच्या या गड्याचे 1995 ते 2013 या काळात, सगळे न्यूयॉर्क यांकीज संघाकडून, 652 सेव्ह आहेत. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तर 141 इनिंगमध्ये त्याच्या खात्यावरच्या रनांची सरासरी 0.70, म्हणजे नऊ इनिंगमागे एक रनसुद्धा नाही. मला सेव्हपेक्षा हाच आकडा मोठा वाटतो.

गंमत म्हणजे हे सगळं मुख्यतः एकाच चेंडूच्या, कटरच्या जिवावर. सरळ येतोय असं वाटेपर्यंत तो ऐनवेळी डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे वळायचा आणि बॅट तुटायची. इतक्या तुटल्या, की 2013 मध्ये निरोपाच्या वेळी मिनेसोटा ट्विन्स संघानं त्याला तुटक्या बॅटींची झुलती खुर्चीच करून दिली! 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, 425 पैकी 425 मतं मिळाली. असं एकमत आधी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

फक्त सेव्हचा आकडा बघून भुलू नका. तीन रनांची आघाडी असताना एक इनिंग निभावली तरी सेव्ह मिळतो, आणि ते साध्या पिचरलाही जमतं. शिवाय 1995 मध्ये त्याला 10 सामन्यांत सुरुवातीपासून टाकायला दिलं होतं, तेव्हा डाळ शिजली नव्हती.