एजंटने क्रूझ बदलली: नवे जहाज घ्यावे की पैसे परत मागावेत?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. थोडक्यात देते. लग्नाला पस्तीस वर्षे होत आहेत म्हणून नवरा-बायको दोघांनी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरवली. पुण्याच्या एका एजंटने कोटेशन दिले: अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून सुटणारे जहाज, मिकोनोस आणि सँटोरिनीसह ग्रीक बेटे, बाल्कनीची केबिन, दोघांचे मिळून ४ लाख ६० हजार रुपये. त्यातले १ लाख ८० हजार एनईएफटीने भरले. ग्रीसच्या व्हिसाची फी भरून बोटांचे ठसेही देऊन झाले. आता एजंट म्हणतो, त्या जहाजावर बाल्कनी शिल्लक नाही. त्याच पैशात दुसऱ्या कंपनीचे, इटलीतून सुटून फ्रान्स-स्पेनकडे जाणारे जहाज घ्या, केबिन आतली, खिडकी नसलेली. नको असेल तर भरलेली रक्कम ‘नॉन-रिफंडेबल’. यजमानांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पाहतो, ठीक आहे, डिटेल्स पाठवा’ असे लिहिले होते. तीच संमती, असे एजंटचे म्हणणे. यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. एजंट त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. त्या विचारतात: नवे जहाज घ्यावे का, कोणती कंपनी चांगली, आणि पैसे बुडाले का?

नमस्कार, बाई.

पैसे बुडालेले नाहीत. हे आधी सांगते, कारण पैसे अडकलेत या धास्तीने माणूस मिळेल ते जहाज पदरात पाडून घेतो, आणि एजंट त्या धास्तीवरच बसून आहे. ती बाजूला ठेवलीत तरच जहाजाची निवड मोकळ्या मनाने होईल.

तुमच्या पावतीच्या मागे छापलेली ‘नॉन-रिफंडेबल’ची अट तुम्ही सहल रद्द केली तर लागू होते. इथे तुम्ही काहीच रद्द केलेले नाही. ठरलेले जहाज, ठरलेला मार्ग आणि ठरलेली केबिन, तिन्ही द्यायला एजंटने नकार दिला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ नुसार समोरचा करार पाळायला नकार देत असेल, तर तुम्ही तो संपुष्टात आणू शकता. आणि कलम ७५ नुसार असा रास्तपणे करार संपवणाऱ्याला नुकसानभरपाईही मागता येते. बदल तुमच्या संमतीनेच होऊ शकतो. त्याला दुसरे जहाज सुचवायची मुभा आहे, लादायची नाही.

आता यजमानांचा तो निरोप. याच कायद्याचे कलम ७ सांगते की स्वीकृती संपूर्ण आणि विनाअट हवी. ‘डिटेल्स पाठवा’ म्हणणारा माणूस अजून विचार करतो आहे. त्या वेळी नव्या जहाजाची तारीख आणि केबिनचा प्रकारही त्याला कळवलेला नव्हता, असे तुम्हीच लिहिले आहे. त्याला करार म्हणता येत नाही. मात्र हा संवाद पुसू नका, फोनही बदलू नका. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. उद्या ग्राहक आयोगापुढे जावे लागले, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येते. आणि आजपासून फोनवर काही बोलू नका. त्याने फोन केलाच तर लगेच ‘आत्ता फोनवर तुम्ही असे म्हणालात’ एवढे लिहून पाठवा.

एक गोष्ट त्याच्याकडून लगेच मागा: पहिल्या जहाजाचा क्रूझ कंपनीने दिलेला बुकिंग क्रमांक. एजंटच्या लेटरहेडवरचा क्रमांक नको, कंपनीचा हवा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आणि आडनाव घातले की केबिनचा प्रकार, भरलेली रक्कम, बाकी रक्कम सगळे समोर येते. क्रमांक मिळाला नाही, तर तुमचे १ लाख ८० हजार जहाज कंपनीपर्यंत पोहोचलेच नाहीत असे धरून चाला. मग ‘पैसे कंपनीकडे अडकलेत’ या बचावालाही आधार राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत बरेच वेळा इथेच गाठ सुटते.

‘आम्ही नुसते मध्यस्थ’ हे वाक्यही तुम्हाला ऐकवले जाईल. करार कायद्याच्या कलम २३० मध्ये एजंटला असे संरक्षण आहे खरे, पण तुमचे कोटेशन त्याच्या नावाचे, बिल त्याचे, किंमत त्याने ठरवलेली, पैसे त्याच्या खात्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या दृष्टीने सेवा देणारा तोच. शिवाय रक्कम जप्त करायची तर आपले खरेच किती नुकसान झाले हे त्याला दाखवावे लागेल. करार कायद्याच्या कलम ७४ चा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात स्पष्ट केला आहे. तुमच्या प्रकरणात तर करार त्यानेच मोडला आहे.

व्हिसाबद्दल मात्र घाई करा, कारण हा मुद्दा एजंट उडवून लावतो आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखे असतील तर जिथून प्रथम आत शिराल त्या देशाकडे. इटलीतून सुटून फ्रान्स-स्पेनकडे जाणाऱ्या जहाजात ग्रीस येतच नाही. ग्रीसचा अर्ज तसाच पुढे रेटून त्या व्हिसावर इटलीला उतरणे म्हणजे वकिलातीला दाखवलेला कार्यक्रम खोटा ठरणे. ‘चालतं हो, सगळे करतात’ यावर जाऊ नका. विमानतळावर उत्तर तुम्हाला द्यायचे आहे. म्हणजे नवे जहाज घ्यायचे तर नवा अर्ज आणि प्रत्येकी ९० युरोची फी पुन्हा. पहिली फी परत येत नाही, म्हणून ती आणि सेवाशुल्क एजंटकडून मागण्याच्या रकमेत धरा. ग्रीक बेटांच्या जहाजांना अनेकदा तुर्कस्तानातले कुशादासीही जोडलेले असते. तुर्कस्तान शेंगेनबाहेर, त्यामुळे परत आत यायला एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. पुढच्या निवडीत हे आधी पाहा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणती कंपनी. तुम्ही लिहिले आहे की यजमानांना मोठे जहाज हवे आणि तुम्हाला शांत. तो निर्णय घरातला आहे. मी वकील म्हणून एवढेच म्हणेन की फोटो आणि रेस्टॉरंटांची संख्या पाहण्याआधी प्रवासाच्या अटींची प्रत मागा आणि तीन-चार जागा शोधून वाचा.

पहिली जागा: भांडण कुठे चालणार. एमएससी क्रूझेसचे मुख्यालय जिनिव्हात, कोस्टाचे जेनोवात, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनचे मायामीत. प्रत्येकाच्या अटींत कोर्ट ठरवून दिलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या खटल्यात तिकिटाच्या मागे छापलेली अशी अट ग्राह्य धरली. सांगलीतून मायामीला दावा लावणे तुम्हाला जमणार नाही, मलाही तो सल्ला द्यायचा नाही. म्हणून थेट परदेशी संकेतस्थळावर बुकिंग करून पाच-दहा हजार वाचवण्यापेक्षा भारतात पत्ता, जीएसटी क्रमांक आणि बिल असलेल्या माणसाकडून घेतलेले बरे. तुमच्या वयाच्या जोडप्याला मी हाच सल्ला देते, आत्ता एका एजंटने त्रास दिला असला तरी. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. पावतीवर ‘पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ छापले असले तरी. लवादाची अट असली तरीही ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेच सांगितले.

दुसरी जागा: मार्ग बदलण्याचा अधिकार. हे कलम सगळ्याच कंपन्यांत असते आणि कप्तानाच्या सुरक्षेच्या निर्णयाला आव्हान देऊन फारसे हाती लागत नाही. सँटोरिनीला मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वारा वाढला की ते बेट गाळले जाते, आणि परत मिळते ती फार तर बंदराच्या शुल्काची रक्कम. सँटोरिनी दिसलीच पाहिजे असे असेल तर क्रूझपेक्षा अथेन्सहून फेरीने जाऊन दोन रात्री राहणे जास्त खात्रीचे, हे माझे प्रामाणिक मत.

माहितीपत्रकातल्या शहरांच्या नावांकडेही बघा. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेक्किया, तिथून रोम गाठायला रेल्वेने तासभर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. ‘व्हेनिस’ लिहिलेले जहाज रावेन्ना किंवा त्रिएस्तेलाही थांबलेले असू शकते, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे. एजंटकडून बंदराचे नाव आणि तिथून शहरात नेण्याची सोय किमतीत आहे की नाही, हे लिहून घ्या. लेखी आश्वासन खोटे निघाले तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तोंडी ‘रोम दाखवतो’ सिद्ध करणे फार कठीण.

तिसरी जागा: किमतीत काय नाही. दर माणशी दर रात्रीची सेवा रक्कम, वाय-फाय, पेये. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी या कंपन्यांच्या जहाजांवर केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावे लागते. तुमच्यापैकी एकच जण घेत असेल तर हा खर्च डोळ्यांआड होतो. शेवटच्या पानावर शुल्क जोडत जाणे हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दलच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, म्हणून ‘सर्व करांसह अंतिम रक्कम’ ईमेलवर मागा. शाकाहारी जेवणाची गरज बुकिंगमध्येच नोंदवून घ्या. टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलावर आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला असेल तर तो कुणाच्या पॅनवर जमा झाला ते पाहा. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आणि स्टेंट. तुम्ही तो पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिला, माझ्या दृष्टीने ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि एजंट बहुधा सर्वांत स्वस्त पॉलिसी चिकटवतो. प्रस्तावात स्टेंट जाहीर केलाच पाहिजे. लपवला तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. आधीपासूनच्या आजारावर किती रकमेपर्यंत आणि कोणत्या परिस्थितीत संरक्षण, जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवावे लागले तर ते धरले आहे का, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचा. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल थेट केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरण्याआधी भरावे लागते. जहाज युरोपीय संघातल्या बंदरातून सुटत असेल तर अपघाताच्या भरपाईसाठी युरोपचा नियम ३९२/२००९ लागू होतो, प्रवाशामागे ४ लाख एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक). पण हृदयविकार हा जहाजाचा अपघात नव्हे. तिथे तुमचा विमाच कामी येईल.

तेव्हा माझा सल्ला असा: एजंटचे दुसरे जहाज घेऊ नका. बाल्कनीऐवजी बिनखिडकीची केबिन त्याच पैशात देणारा माणूस पुढे आणखी काय बदलेल याची खात्री नाही. आजच ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: ‘आपण ठरलेले जहाज आणि केबिन देऊ शकत नसल्याचे कळवले आहे. सुचवलेला पर्याय आम्हाला मान्य नाही. यजमानांच्या निरोपाला संमती समजू नये. भरलेले १,८०,००० रुपये आणि व्हिसाचा खर्च १५ दिवसांत परत करावा. पहिल्या बुकिंगचा कंपनीचा क्रमांक सोबत कळवावा.’ यात कुठेही धमकी नाही, त्यामुळे सहकाऱ्याच्या मुलाला पाठवायला संकोच नको. उलट यजमानांनी त्या सहकाऱ्याला स्वतः फोन करून ‘मुलाला ईमेल पाठवली आहे, वाईट वाटून घेऊ नका’ एवढे सांगावे. संबंध बिघडतात ते मनात ठेवून महिनोन्महिने कुढल्याने.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पुष्कळ एजंट तिथेच पैसे परत करतात. तरीही नाही, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी शून्य, आणि वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढे थांबू नका. ‘नॉन-रिफंडेबल’ हे कलमच अनुचित करार म्हणून रद्द करून मागायचे असेल तर मात्र ते राज्य आयोगाकडे जाते. तुमच्यासारख्या रकमेला मी त्या वाटेने जाणार नाही. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि परतावा एवढेच मागा.

ग्रीसच्या व्हिसाच्या अर्जाचे काय करायचे हे नवे जहाज ठरेपर्यंत लांबवू नका. पुन्हा ग्रीक बेटांचीच क्रूझ त्याच सुमारास घेणार असाल तर बदललेले बुकिंग अर्ज केंद्राला लगेच कळवा. इटली किंवा स्पेनकडे वळणार असाल तर अर्ज लेखी मागे घ्या आणि त्याची पोच जपून ठेवा. पुढच्या अर्जात आधीच्या अर्जाबद्दल विचारले तर तीच पोच दाखवायची आहे.